शनिवारी उतरणारा शब्द

राजापेठेत एका कापड दुकानाच्या वर आमचा क्लास आहे, स्पर्धा परीक्षांचा. इंग्रजी माझा नवरा गजेंद्र शिकवतो आणि गणित मी. जिना अरुंद आहे, पायऱ्यांवर चपलांचा खच असतो. वर एक लांब हॉल, बाकं, कुरकुरणारे पंखे आणि खिडकीखालच्या गाडीवरून येणारा तळणाचा वास. मुलं मोर्शी, वरुड, दर्यापूर अशा ठिकाणांहून येतात. खोली करून राहतात, बँकेत नाहीतर तलाठी म्हणून लागायची स्वप्नं बघतात आणि बहुतेक जण लागत नाहीत. हे मी कडवटपणानं सांगत नाही. मी गणिताची बाई आहे, जागा किती आणि अर्ज किती हे मला कळतं.

अमरावतीत असे क्लास गल्लोगल्ली आहेत. आमचा चालला तो गजेंद्रच्या जुन्या शब्दांवर. खुद्द इंग्रजांनी टाकून दिलेले शब्द तो कुठून कुठून शोधून आणायचा. फॉपडूडल म्हणजे बिनकामाचा मूर्ख. लिकस्पिटल म्हणजे साहेबाची थुंकी झेलणारा. स्कॉबरलॉचर म्हणजे अंगाला काम लावून न घेणारा. यातला एकही शब्द परीक्षेत येत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. पण शब्दांची भीती मोडते, असं त्याचं म्हणणं होतं. आणि मुलांना मजा यायची, हे तर दिसतच होतं.

त्याची पद्धत अशी. सोमवारी फळ्यावर नवा शब्द, त्याचा अर्थ, आणि मग वर्गाला प्रश्न, "कोणाले शोभते?" कुणीतरी हात वर करून तो शब्द वर्गातल्याच एकाला लावायचा. आठवडाभर त्याला सगळे त्याच नावानं हाक मारणार. शनिवारी दुपारी खालच्या गाडीवरून गिलावड्याच्या प्लेटी यायच्या आणि खाता खाता शब्दांचा बाजार भरायचा. ज्याच्याकडे शब्द आहे त्यानं तो इंग्रजी वाक्य करून दुसऱ्याला लावायचा, की त्याचा उतरला. नियम एकच होता, ज्यानं लावला त्यालाच परत लावायचा नाही.

"वहीतला शब्द वहीतच राह्यते," गजेंद्र म्हणायचा. "माणसाले लावला का तो मरेपर्यंत ध्यानात राह्यते."

मुली रडायच्या कधीकधी. एक जण क्लास सोडूनही गेला. पण दरवर्षी गर्दी वाढत होती, आणि मला स्वतःला त्यात गैर काही वाटत नव्हतं. जग यांना याहून वाईट नावं ठेवणार आहे, सवय झालेली बरी.

दिवाळीनंतर कुंदन नावाच्या मुलाला मम्पसिमस लागला. चूक दाखवून दिली तरी तीच धरून बसणारा, असा त्याचा अर्थ. कुंदन माझ्या तासाला हुशार. त्या आठवड्यात मात्र त्यानं शेकडेवारीच्या गणितात एक बाळबोध चूक केली. मी फळ्यावर समजावलं. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी चिडून त्याला हॉलबाहेर उभं केलं. शनिवारी त्यानं शब्द शेजारी बसणाऱ्या सुगतला लावला. सोमवारी कुंदनचं गणित बरोबर आलं, आणि तीच चूक सुगतच्या वहीत उतरली.

मी घरी सांगितलं तेव्हा गजेंद्र खूश झाला. "सायकॉलॉजी आहे ते, रूपा. म्हटलं का माणूस तसा होते."

मलाही ते पटलं. पोराला गाढव म्हणत राहिलं की ते गाढवासारखं वागतं, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते.

मग थंडीत, तुरीच्या शेंगा बाजारात आल्या त्या दिवसांत, त्यानं फळ्यावर ग्रोक हा शब्द लिहिला. दुसरा जेवत असताना आपल्यालाही बोलावतील या आशेनं, तोंडातून शब्द न काढता त्याच्याकडे बघत उभा राहणारा. आपल्याकडे याला एका शब्दात काही म्हणत नाहीत, असं गजेंद्र म्हणाला, कारण आपण ती वेळच येऊ देत नाही. खरं आहे ते. माझं माहेर अकोल्याचं. माझे वडील पानावर बसले असताना दारात पोस्टमन आला तरी "या जेवाले" म्हणायचे, आणि न म्हणणाऱ्याच्या घरी पुन्हा जायचे नाहीत. तो संस्कार माझ्याही अंगात होता.

"कोणाले शोभते?" गजेंद्रनं विचारलं.

कुंदननं हात वर केला. "वर्षाली इज अ ग्रोक, सर."

हॉल हसला. वर्षाली मोर्शीकडची, लहानखुऱ्या चणीची मुलगी. घरी संत्र्याची बाग, थोडा भाजीपाला. तिचा डबा गावाहून एसटीनं यायचा आणि बरेचदा उशिरा यायचा. तोवर ती दुसऱ्यांच्या डब्यांकडे बघायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शब्द अगदी चपखल बसला.

त्या आठवड्यात ती मधल्या सुट्टीत खिडकीला टेकून उभी असायची. एरवी तिची रूममेट तिला अर्धी पोळी द्यायची. आता देत नव्हती. मुलं वांग्याची भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी उघडून बसत आणि वर्षाली एकेकाच्या हातापासून तोंडापर्यंत बघत राही. तिचा स्वतःचा डबा आला तरी तो पायाशी तसाच पडून असायचा. मी माझ्या डब्यातला चिवडा खाताना तिला बघितलं. विचारावं असं डोक्यात येईपर्यंत माझा डबा संपलेला होता. शुक्रवारी तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मला वाटलं, नाटक करते आहे. पोरींना तेवढं चांगलं येतं.

शनिवारी गजेंद्र टेबलाशी बसून गिलावडा खात होता. वर्षाली भिंत धरून उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"सर इज अ ग्रोक."

सरांना शब्द लावायचा नाही असा नियम कुणी केला नव्हता, कारण कुणाची छातीच झाली नव्हती. हॉलभर टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं गजेंद्र हसला. त्यानं तिला शाबासकी दिली आणि हातातली प्लेट खाली ठेवली. वर्षालीनं ती उचलली, संपवली, आणि मग शेजारच्याची उचलली. सोमवारपासून ती क्लासला आली नाही.

आमचं घर रुक्मिणी नगरात. मी, गजेंद्र आणि तिसरीतली आमची आकांक्षा. धुणंभांडी आणि पोळ्यांना गंगूबाई येते. दुपारचं जेवण आम्ही तिघं एकत्र करतो, क्लासला निघायच्या आधी. त्या आठवड्यात एक दिवस ताटं घासायला टाकताना माझ्या लक्षात आलं की ती दोनच आहेत. गजेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"तू जेवला नाहीस?" मी विचारलं.

तो ओट्यावरच्या पातेल्यांकडे बघत राहिला. पातेली रिकामी झाली होती. मी मनाशी म्हटलं, बाहेर खाऊन आला असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनच ताटं. तिसऱ्या दिवशी मी ठरवून तीन मांडली. जेवण झाल्यावर पाहिलं तर तिसरं ताट कपाटात परत गेलेलं होतं, कोरडं. ते मीच ठेवलं असणार, घरात दुसरं कोण होतं? त्याची गालफडं आत गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. "जेवण वाढवा," ते म्हणाले.

एका संध्याकाळी मी स्कूटरवरून जात होते. राजापेठेतल्या गाडीभोवती गर्दी होती आणि त्या गर्दीत गजेंद्र उभा होता, हात मागे बांधून. त्याच्या डावीकडच्याला प्लेट मिळाली, उजवीकडच्याला मिळाली. गाडीवाला त्याला रोज ओळख देणारा, पण त्यानं मान वर केली नाही. मी स्कूटर लावली आणि तरातरा तिकडे गेले.

मी एक प्लेट खाल्ली. चटणी तिखट होती. घरी येऊन हात धुताना मला आठवलं की मी स्कूटर थांबवली होती ती गजेंद्रसाठी.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. मी वर्षालीला फोन केला.

"मले काई झालं नाई, मॅडम," ती म्हणाली. आवाज टवटवीत होता. "आता बराबर जेवून राहिली मी."

"आणि त्या आठवड्यात?"

"तवा कोणी विचारेच ना. मायले फोन केला तर तिनं भाजी काय केली थे सांगतलं, मी जेवली का थे नाई विचारलं. माही माय, मॅडम! अन् आपलाच डबा असला तरी कोणी 'जेव' म्हटल्याबिगर हात जाये ना. सरच सांगत होते ना, शनिवारी दुसऱ्याले लावला का उतरते. तर उतरला."

"नियम मोडून परत घेशील का? सरांची तब्येत..."

"नाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गजेंद्रला सगळं सांगितलं. सायकॉलॉजी म्हण, काही म्हण, पण शनिवारी हा शब्द वर्गात कुणाला तरी लाव. हाडांच्या सापळ्यागत तो खुर्चीत बसला होता. त्यानं मान हलवली.

"लोकायची लेकरं आहेत थे, रूपा. माह्या भरवशावर पाठवली. जाणूनबुजून कसा लावू?"

मला त्याचा संताप आला. आठ वर्षं तेच करत होता ना तू? पण मी बोलले नाही. शनिवारी तो क्लासला येऊ शकला नाही. आकांक्षाला सुट्टी होती, तिला त्याच्यापाशी ठेवून मी एकटीच गेले.

परत आले तेव्हा तो टेबलाशी बसून जेवत होता. वरण, भात, तुरीच्या दाण्यांची भाजी, पोळीवर पोळी. बोटं चाटत होता. मला रडूच फुटलं. काय जादू झाली विचारणार होते, पण म्हटलं, आधी पोटभर खाऊ दे. आकांक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मलाही कडकडून भूक लागली होती. मी माझं ताट घेतलं आणि त्याच्याशेजारी बसले.

किती सुखाचा गेला तो आठवडा! गजेंद्रच्या तोंडावर रंग आला. तो क्लासला येऊ लागला, मुलांना हसवू लागला. मी रोज गोडाधोडाचं काही करत होते. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, एवढंच. आजारपणानं माणूस जरा ओशाळतो, असं मी समजले.

शुक्रवारी शाळेतून फोन आला. आकांक्षाच्या वर्गशिक्षिका होत्या.

"तुमची मुलगी डबा आणत नाही, मॅडम. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यांत बघत उभी राहते."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. आज चक्कर येऊन पडली."

"तुम्ही तिला विचारलं नाहीत? एक घास दिला नाहीत?"

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "खरंच सांगते, ध्यानातच राहिलं नाही."

मी तिला घरी आणलं. दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. आठवडाभर मी या पोरीची वेणी घातली होती, गृहपाठ घेतला होता, आणि तिला जेवू घातलं नव्हतं. मी गजेंद्रसमोर उभी राहिले. त्यानं टाळाटाळ केली नाही.

"थे वरणभात खाऊन राहिली होती," तो म्हणाला. "माह्यासमोर बसून. तोंडातून निघून गेलं. मले भूक लागली होती, रूपा."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग स्वयंपाकघरात जाऊन भात कालवला. तळहातावर पेनानं लिहिलं, आकांक्षाला भरव. ते अक्षर बघत बघत ताट तिच्यापाशी नेलं, तिच्या समोर मांडी घालून बसले. ती माझ्या हाताकडे बघत होती.

भानावर आले तेव्हा मी नळाखाली ताट धूत होते. भात मी खाल्ला होता. तळहातावरची शाई साबणानं निघून गेली होती.

आता उपाय एकच होता. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ज्यानं लावला त्याला परत लावता येत नाही, म्हणजे गजेंद्र बाद. नाहीतर मी त्यालाच पुढे केलं असतं, खुशाल. मी गणितासारखा विचार केला. विद्यार्थी नको, आईबाप येतात. शेजारी नको, बोभाटा होतो. माझी नजर ओट्याकडे गेली. गंगूबाई पोळ्या लाटत होती. नवरा नाही, मुलगा सुरतेला, फोनसुद्धा करत नाही.

"गंगूबाई," मी म्हटलं, "उद्या दुपारी आमच्यासोबत जेवायचं हां."

तिचं लाटणं थांबलं. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी टेबलावर कधी बसली नव्हती. "काहून बाई? काई आहे का उद्या?"

"काही नाही. सहज."

संध्याकाळी मी आकांक्षाला वाक्य शिकवलं. उच्चार घोटून घेतला. गंगूबाई इज अ ग्रोक. ती शहाण्या मुलीसारखी म्हणत गेली. तिचा आवाज कागद फाटल्यासारखा येत होता.

"मी जिला म्हणेन, तिला तो मला परत नाही ना लावता येणार?" तिनं विचारलं.

"नाही. कधीच नाही."

"नक्की ना, मम्मा?"

"नक्की," मी म्हटलं. मला तिचं कौतुकच वाटलं. डोकं चालतं पोरीचं.

शनिवारी गंगूबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. केसांना तेल लावलं होतं. मी पाटवडीचा रस्सा केला होता, जिलबी आणली होती.

"मी खालीच बसतो ना, बाई," ती म्हणाली.

"नाही, इथे बसा. खुर्चीवर."

ती कडेला टेकल्यासारखी बसली. मी तिला वाढलं, गजेंद्रला वाढलं, स्वतःचं ताट भरून घेतलं. आकांक्षा दारात होती. गजेंद्र मान खाली घालून खात होता. त्याला सगळं कळत होतं आणि तो जिलबी मोडत होता.

गंगूबाईनं पहिला घास घेतला. "झकास झालं, बाई," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मी आकांक्षाला खुणावलं.

तिनं गंगूबाईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मम्मा इज अ ग्रोक."

स्वच्छ उच्चार होता. मीच घोटून घेतलेला.

"काय म्हणते हो इंग्रजीत?" गंगूबाई हसून म्हणाली.

माझा हात घासापाशी गेला होता तो तिथेच राहिला. मी उठले. का उठले ते सांगता येत नाही. दारात जागा रिकामी झाली होती, तिथे जाऊन उभी राहिले.

"ये बेटा, बस," गंगूबाईनं आकांक्षाला म्हटलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. माझं ताट तिच्यापुढे होतं.

ती जेवली. दोन्ही हातांनी जेवली. गंगूबाई वाढत होती, गजेंद्र तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. "सावकाश," तो म्हणत होता, "सावकाश, बेटा." त्या खोलीत इतकी माया मी कधी पाहिली नव्हती.

रोज दुपारी हे असंच होतं. गंगूबाई आता टेबलावरच जेवते. मला तिघांपैकी कुणाचा राग येत नाही, रागाला अंगात ताकद लागते. दहा पावलांवरून मला फोडणीतला हिंग ओळखू येतो. पोळीला तव्यावर पहिला फोड कधी आला ते कळतं. शनिवार यायचा आहे. तोवर मी दारात उभी राहते आणि कोण कसं खातं ते बघते. गंगूबाई भराभर जेवते, गजेंद्र आवाज करतो.

आकांक्षा मात्र मधूनच थांबते. तिची गालफडं भरली आहेत, दंडावर मांस आलं आहे. त्या दोघांना मी दिसते की नाही, मला ठाऊक नाही. तिला दिसते. आज शेवटची पोळी तिच्या ताटात होती. तिनं मान वर केली, दाराकडे नीट बघितलं, आणि ताट जरा जवळ ओढून घेतलं.